केवलरामचं दुखणं

नाईट शिफ्ट संपवून केवलराम मेंढे घरी आला की सायकल भिंतीला टेकवून पायरीवरच बसायचा. दोन पायऱ्या चढून आत यायचं त्राण त्याच्यात उरलेलं नसायचं. मथुरा चहाचा कप त्याच्या हातात द्यायची आणि खाली बसून त्याच्या सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायची. शेजारच्या क्वार्टरमधून भैयालालची बायको हे रोज बघायची आणि मथुरेला लाज वाटायची. नवरा काही म्हातारा नव्हता. अडतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, दांडगा माणूस होता. असा माणूस बायकोकडून बूट काढून घेतो म्हणजे माजलेलाच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. खरं सांगायचं तर कधी कधी मथुरेलाही तसंच वाटायचं.

केवलराम मूळचा साकोलीकडचा. धानाच्या शेतीत सगळ्यांचं भागेना म्हणून विशीतच तो भिलाईला आला, पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागला आणि पुढे रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायला शिकला. शेडच्या छताखाली टांगलेली छोटी केबिन, खाली लालभडक लोखंड, आणि एवढं सगळं ओझं आपल्या दोन हातांच्या इशाऱ्यावर इकडून तिकडे जातं, याचं त्याला भारी कौतुक होतं. पाहुणे आले की जेवता जेवता तो क्रेनबद्दल सांगत बसायचा. भात निवून जायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याला टायफॉईड झाला. ताप गेला, पण अंगदुखी गेली नाही. आधी मान आणि खांदे धरले, मग पाठ, मग कंबर, मांड्या, गुडघे. अशक्तपणा असेल म्हणून मथुरेने अंडी दिली, दूध दिलं, तिळाच्या तेलाने मालिश केली. मालिशीला हात लावला की तो कळवळायचा.

"हळू वो! जीव घेतं का?"

"मी तं हळूच लावून राहिली. कुठं दुखते ते सांगा, तिथं नाही लावत."

"कुठं नाही दुखत ते इचार."

वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. दुखणं कधी कमी व्हायचं, कधी वाढायचं, पण पूर्ण गेलं असा एक दिवस आला नाही. आठ आठ तास झोपूनही तो उठायचा तो थकलेलाच, रात्रभर नांगर धरल्यासारखा. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. एकदा बाजारात सायकल विसरून तो पायीच घरी आला आणि सायकल चोरीला गेली म्हणून संध्याकाळभर डोकं धरून बसला. मुलगी शालू आठ वर्षांची होती. एका दुपारी बाप खाटेवर पालथा पडला होता, म्हणून ती नेहमीसारखी धावत येऊन त्याच्या पाठीवर बसली. केवलराम ओरडला आणि त्याने तिला असं ढकललं की ती खाटेच्या पायावर आपटली. त्यानंतर शालू त्याच्याजवळ जाईनाशी झाली.

"मम्मी, पापा इतना गुस्सा क्यूँ करते हैं?" ती विचारायची.

"त्याईले बरं नाही वाटत, बेटा."

"हमेशा बरं नाही वाटत?"

मथुरा तिला पाणी आणायला पाठवायची.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, लघवी तपासली, मानेचे, कमरेचे, गुडघ्यांचे फोटो काढले, वाताची तपासणी केली. डॉक्टरांनी सगळे कागद नीट पाहिले आणि म्हणाले, "सब नॉर्मल है, मेंढे. कोई बीमारी नहीं है. आराम करो, टेन्शन मत लो." दुखेल तेव्हा घ्यायला गोळ्या लिहून दिल्या.

बसमधून घरी येताना मथुरेच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. तिला काय काय शंका आल्या होत्या, त्या तिने कुणाला सांगितल्या नव्हत्या. केवलराम मात्र खिडकीबाहेर बघत होता.

"काही निघालं असतं तं बरं झालं असतं," तो म्हणाला.

"असं अभद्र कावून बोलता?"

"काही निघालं नाही म्हणजे मले काही झालंच नाही. मंग हे जे दुखते, ते काय आहे?"

मथुरेला राग आला. देवाची कृपा म्हणायची सोडून हा माणूस उलटं बोलतो.

रिपोर्ट नॉर्मल आल्याची बातमी मिलमध्येही पसरली. याआधी सुट्टी मागितली तर लोक विचारपूस करायचे, आता हसायचे. बरोबरचा तेजराम म्हणाला, "यार केवल, हमको भी सिखा दे ये बीमारी." केवलरामचा धाकटा भाऊ चिंधू दुर्गजवळ रसमड्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तो रविवारी आला की जेवून हात पुसत म्हणायचा, "वयनी, भाऊले काही नाही झालं. बसून काम करायची सवय लागली. आठ दिवस गावाले पाठवा, बाबाच्या हाताखाली. दुखणं पळून जाते का नाही पाहा."

केवलराम ऐकून घ्यायचा. आधी भांडायचा, नंतर त्याने भांडणंही सोडलं. भांडायलाही ताकद लागते.

दवाखान्याच्या गोळ्यांनी पोटात आग व्हायची, पण दुखणं जेमतेम तासभर हलकं व्हायचं, म्हणून तो त्या जास्त घ्यायला लागला. मग कुणीतरी भिलाईतच सुपेल्यातल्या एका सुईवाल्या डॉक्टरचं नाव सांगितलं. बाजाराच्या गर्दीत, सायकलच्या दुकानाशेजारी त्याचं दुकान होतं. तो सगळ्यांना एकच सुई टोचायचा आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधून रंगीत गोळ्या द्यायचा. केवलराम चार-पाच महिने त्याच्याकडे गेला. एका सकाळी संडासातून बाहेर येताना त्याला घेरी आली आणि तो दारातच कोसळला. शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतून रक्त गेलं होतं. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या लावल्या, तेव्हा कुठे जीव वाचला. आता पुन्हा दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं.

"मंग दुखलं तं काय घ्यावं?" मथुरेने विचारलं.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत चिंधूच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. रसमड्यात त्याने छोटी जागा घेतली होती, भिंती उभ्या झाल्या होत्या. घरचं कार्य म्हणून सगळे गेले. त्या दिवशी केवलराम कसा कोण जाणे, सकाळी हलका उठला होता. असे दिवस महिन्या-दोन महिन्यांतून एखादे यायचे. तिथे पोचल्यावर चिंधू सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, तू सावलीत बस. तुले झेपत नाही." गवंडी हसले. केवलरामने शर्ट काढला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मालाचं घमेलं उचललं. दिवस बुडेपर्यंत त्याने घमेली उचलली. शिडीवर उभा राहून वर दिली, मजुरांशी मस्करी केली, जेवताना चार भाकरी खाल्ल्या. चिंधू वहिनीकडे बघून म्हणाला, "पाह्यलं? मी काय म्हणत होतो?"

मथुरा हसली, पण आत तिचं डोकं तापत होतं. म्हणजे जमतं तर! तीन वर्षं मी नाड्या सोडते, गरम पाण्याने शेकून देते, लोकांचं ऐकून घेते, पोरीला गप्प बसवते, आणि याला जमतं.

दुसऱ्या दिवशी केवलराम उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंगावर चादर सहन होईना, दिवा डोळ्यांना टोचायला लागला, शेजारचा रेडिओ ऐकून तो कानांवर हात ठेवायचा. आठवडा झाला तरी तेच. ड्युटी बुडत होती. मथुरा चहा घेऊन आली आणि तो म्हणाला, "कप तोंडाले लावून दे, हात नाही उचलत," तेव्हा तिचा तोल गेला.

"रसमड्याले हात कसे उचलले मंग? तिथं चार लोकं पाहत होते म्हणून? घरी मी एकटीच आहो, माह्या जिवाले कोणी पाहणारं नाही. मीच मरू का खपून?"

केवलराम तोंड भिंतीकडे वळवून म्हणाला, "तू बी म्हणशील एक दिवस, मले मालूम होतं."

दोघांचं बोलणं बंद झालं. मथुरा कामं करायची, ताट ठेवायची, उचलायची.

असेच चार-पाच दिवस गेले. दुपारी ती रेशन दुकानात गेली होती. परतताना एकदम वावटळ सुटली, आभाळ काळवंडलं. अंगणात कपडे वाळत होते म्हणून ती मागच्या गल्लीने लगबगीने आली आणि फाटकाशी थबकली. केवलराम अंगणात उभा होता. घरात कुणी नव्हतं, शालू शाळेत होती. तो तारेवरचे कपडे काढायला आला होता. उजवा हात वर जाईना, म्हणून त्याने डाव्या हाताने उजव्याचं कोपर खालून धरलं होतं आणि तो हात जड लाकूड ढकलावं तसा वर ढकलत होता. शालूचा शाळेचा फ्रॉक हाताला लागला. तो ओढून त्याने खांद्यावर टाकला. मग हात खाली सोडला आणि कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिला. तोंडातून आवाज नाही. नुसतेच खांदे हलत होते. थोड्या वेळाने त्याने पुन्हा कोपर धरलं, पुढच्या कपड्यासाठी.

मथुरा फाटकाशी पिशवी धरून उभीच राहिली. ढोंग करणारा माणूस कुणाला तरी दाखवायला ढोंग करतो. इथे बघणारं कुणीच नव्हतं. उलट हा लपवत होता, वाऱ्यापासून पोरीचा फ्रॉक वाचवत होता. ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि उरलेले कपडे काढले.

"तू कवा आली?" त्याने विचारलं.

"आत्ताच." मग कपडे हातावर घेत म्हणाली, "चला, आत चला. मी चुकली तुमाले बोलून."

त्या रात्री त्याने तिच्या हातचा चहा मागून घेतला.

क्वार्टरच्या पुढच्या रांगेत सिंधुताई राहायच्या. त्यांचे यजमान प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते, माहेर नागपूरचं. मथुरेने धीर करून त्यांना सगळं सांगितलं. सिंधुताईंनी मधे न बोलता ऐकलं आणि म्हणाल्या, "माह्या मोठ्या बहिणीले असंच होतं. सारं अंग दुखे अन् तपासणीत काही निघे नाही. तिची सासू म्हणे, सून आळशी आहे. नागपुरात धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईनं ओळखलं. एकदा नेऊन पाहा. बरं होईल का नाही ते मी नाही सांगत, पण त्या बाई ऐकून घेतात."

ऐकून घेतात, एवढंच मथुरेने मनात धरलं. शालूला सिंधुताईंकडे ठेवून दोघं दुर्गहून गाडीत बसली. नागपूरपर्यंतचा प्रवास केवलरामने उभ्याने, बसून, पुन्हा उभ्याने असा केला. बाकावर एका जागी अंगाचा कुठलाच भाग त्याला टेकवत नव्हता.

डॉक्टर विजया पांढरीपांडे पन्नाशीच्या होत्या, बारीक चणीच्या. त्यांनी जुने रिपोर्ट एकेक करून पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "झोप कशी लागते?"

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. केवलराम गोंधळला. "झोप लागते. पण झोपलो असं नाही वाटत."

"सकाळी अंग आखडलेलं असतं? विसरायला होतं? उजेड, आवाज सहन होत नाही? कुणी प्रेमानं हात लावला तरी दुखतं?"

शेवटच्या प्रश्नाला केवलरामने मान खाली घातली. मथुराच म्हणाली, "पोरगी पाठीवर बसली होती जी. त्याईनं ढकललं तिले. तवापासून त्याईच्या मनाले लागलं आहे."

मग डॉक्टरांनी त्याला तपासलं. अंगठ्याने मानेच्या मागे दाबलं, खांद्यांवर, छातीच्या वरच्या फासळ्यांजवळ, कोपराशी, कमरेखाली, गुडघ्यांच्या आतल्या बाजूला. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो दचकला. एकदा तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मधेच त्या कपाळावर दाबायच्या, तेव्हा मात्र काही नाही.

"बाई, तुमाले कसं समजलं कुठं दुखते ते?"

"कारण तुमच्यासारखी माणसं मी आधी पाहिली आहेत," त्या हात धुऊन येऊन बसल्या. "थायरॉईडची एक तपासणी राहिली आहे, तेवढी करून घेऊ. पण मला वाटतं याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. तुमचे सांधे, हाडं, स्नायू शाबूत आहेत, म्हणून फोटोत काही दिसत नाही. बिघाड आहे तो दुखणं जाणवणाऱ्या यंत्रणेत. आपल्याला लागलं तर शरीर मेंदूला खबर देतं. तुमच्यात काही लागलेलं नसतानाही खबर जात राहते, आणि थोडंसं लागलं तर फार मोठी खबर जाते. असं का होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. मोठ्या आजारपणानंतर काहींना सुरू होतं."

केवलराम विचार करत होता. "आमच्या क्रेनले बेल असते. खाली माणूस असला का वाजवाची. ते अडकली तं माणूस नसला तरी वाजतच राहते."

"तसंच समजा."

"म्हणजे खरंच दुखते. मी सोंग नाही करून राहिलो."

"खरंच दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "सोंग नाही."

केवलरामने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मथुरेने तोंडावर पदर धरला. आजार आहे असं ऐकून कुणाला हलकं वाटेल, हे ती कुणाला सांगायला गेली असती तर पटलं नसतं.

"मंग हे कवा बरं होईल?" तिने विचारलं.

"पुसून टाकल्यासारखं बरं होईल असं मी म्हणणार नाही. कमी होऊ शकतं. पण औषधापेक्षा तुम्हालाच जास्त करावं लागेल." त्यांनी एक छोटी गोळी लिहून दिली. रात्री झोपण्याच्या दोन तास आधी घ्यायची. "ही गोळी मोठ्या डोसात मन उदास असलेल्यांना देतात. कुणी सांगितलं तर घाबरू नका."

"म्हणजे मी येडा आहो?"

"नाही हो. एवढ्याशा डोसात ती झोप खोल करते आणि दुखण्याच्या खबरा जरा कमी करते. तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल. काही आठवडे धीर धरा. सुया, रंगीत गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं बंद. त्यांचा उपयोग नाही, आणि तुमच्या पोटात एकदा जखम झालीच आहे." मग त्या मथुरेकडे वळल्या. "रोज थोडं चालायचं. थोडं म्हणजे खरंच थोडं. आठवड्याला जरासं वाढवायचं. बरं वाटलं म्हणून डोंगर उचलायचा नाही, आणि दुखलं म्हणून दिवसभर पडून राहायचं नाही. यांची शिफ्ट बदलत राहते ना? झोपेची वेळ रोज तीच राहिली तर सगळ्यात जास्त फायदा होईल. तसं मी लिहून देते."

थायरॉईडही नॉर्मल निघाला. या वेळी केवलरामने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

बरं होणं म्हणजे काय असतं, याची मथुरेची कल्पना वेगळी होती. तिला वाटलं होतं, नाव कळलं, औषध मिळालं, आता दोन-तीन महिन्यांत माणूस उठेल. पण पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, सकाळी तो गुंगीत असायचा, आणि दुखायचं तितकंच. दोनदा त्याने गोळी फेकून दिली, दोनदा तिने उचलून ठेवली. संध्याकाळी ती त्याला चालायला घेऊन जायची, रस्त्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मोठ्या टाकीला हात लावून यायचं आणि परत. म्हाताऱ्या बायका त्यांच्या पुढे निघून जायच्या.

"लोकं पाहून राहिले," तो म्हणायचा.

"पाहू द्या. ते काय तुमचं दुखणं वाटून घेणार आहेत?"

सगळ्यात कठीण बरे दिवस असायचे. बरं वाटलं की तो सायकल काढायचा, मागच्या अंगणात कुदळ मारायचा, तीन वर्षांचं राहिलेलं एका दिवसात करायला बघायचा. मथुरेला त्याच्या हातातून कुदळ काढून घ्यावी लागायची.

"आज बरं आहे तं काम करू दे ना!"

"म्हणूनच नका करू. निम्मं करा. निम्मं उद्या."

"उद्याचं कोण पाह्यलं?"

"मी पाह्यलं. रसमड्यानंतर मी तुमचे पंधरा दिवस पाह्यले."

यावरून भांडणं व्हायची. ती थकून जायची. आजाऱ्याला उठवणं एक वेळ सोपं, पण उठलेल्याला थांबवायला रोज नव्याने बळ आणावं लागतं. कधी वाटायचं, करू दे काय करायचं ते, पडला तर पडला. पण पडला की उचलणारी तीच होती. म्हणून ती पुन्हा उठायची, पुन्हा कुदळ काढून घ्यायची.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी केवलराम उठून बसला आणि म्हणाला, "आज झोपलो होतो मी."

"रोजच तं झोपता."

"नाही. आज झोपलो होतो."

शिफ्टचा प्रश्न सुटायला वेळ लागला. डॉक्टरांचं पत्र, मेडिकल, पुन्हा मेडिकल. शेवटी जनरल शिफ्ट मिळाली, पण क्रेन सोडावी लागली. क्रेनवर तर रात्रपाळी चुकत नाही. त्याला टूल रूममध्ये घेतलं. नट आवळायचे पाने, ओझं बांधायच्या स्लिंगा, पुल्या कामगारांना द्यायच्या, परत घ्यायच्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा ताजा होता, पायऱ्या चढून आत आला, पण जेवला नाही.

"काय झालं?"

"काही नाही. वर पाहून राहिलो होतो. नवीन पोरगा चालवते माही क्रेन. झटके देते लय."

मथुरेने ताट झाकून ठेवलं. याच्यावर कुठली गोळी नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात धान रोवायला गावी चल म्हणून चिंधू आला. बाबांची तब्येत ठीक नव्हती, माणसं मिळत नव्हती. केवलराम बोलायच्या आत मथुरा म्हणाली, "ते येतील. पण बांधीच्या चिखलात नाही उतरणार. बाबाजवळ बसतील, मजुराईचं चहा-पाणी पाहतील."

"वयनी, अजून तुमचं तेच? तेवढा रसमड्याले राबला होता तो."

"अन् मंग पंधरा दिवस त्याईले पाणी मी पाजलं चिंधूभाऊ. ते तुमी नाही पाह्यलं. तुमाले घमेलं उचलताना दिसले ते. मले बी तेवढंच दिसत होतं, माह्या घरात राहून. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, याले आजार म्हणतात. तुमाले नाही पटत तं नका पटवू. पण त्याईले लाज वाटेल असं माह्या घरात आता बोलू नका."

चिंधू चहा न पिताच निघाला. दिराला असं बोलायची तिची कधी हिंमत झाली नव्हती. केवलराम दारात उभा राहून जाणाऱ्या भावाकडे बघत होता. मग त्याने चिंधूचा थंड झालेला चहा उचलला आणि स्वतःच प्यायला. गावाला ते गेले. चिंधू आठ दिवस केवलरामशी कामापुरतंच बोलला. पण बांधीत उतर असं म्हणाला नाही. शालू मात्र त्या आठ दिवसांत बापाजवळ बसून होती. आजोबांच्या खाटेशी केवलराम तिला क्रेनच्या गोष्टी सांगायचा, आणि ती त्याच्या पायाशी, जरा अंतर ठेवून, ऐकत असायची.

दुखणं गेलं नाही. थंडी पडली की वाढायचं, घरात लग्नकार्य झालं की वाढायचं, काही कारण नसताना वाढायचं. पण पडून राहायचे दिवस कमी झाले होते.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात पाण्याची मोठी लाईन फुटली आणि त्यांच्या रांगेत टँकर यायला लागला. टँकर आला की आरडाओरडा, बादल्यांची रांग. मथुरेला त्या आठवड्यात ताप होता. ती उठून बादली घ्यायला गेली तर केवलरामने तिच्या हातातून ती काढून घेतली.

"तू झोप. मी आणतो."

ती खिडकीशी बसून बघत राहिली. तो रांगेत उभा राहिला, बादली अर्धीच भरली, घरात आणून ओतली, पायरीवर जरा बसला आणि पुन्हा गेला. भैयालाल दोन्ही हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन चालला होता. तो थांबला.

"अरे केवल, इतना बड़ा शरीर लेके आधी बाल्टी?"

आता हा दोन बादल्या उचलणार, असं मथुरेला वाटलं.

"हाँ भैया," केवलराम म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसा. "मेरे को दर्द की बीमारी है. दिखती नहीं है. आधी उठाऊँगा तो कल भी उठा पाऊँगा."

भैयालाल "अच्छा" म्हणून पुढे गेला. केवलरामने आणखी दोन खेपा केल्या. पिंप भरायला अजून बरंच हवं होतं, टँकर अजून उभा होता, पण तो आत आला आणि बादली उपडी करून ठेवली.

"बस. आजचं झालं. उरलेलं शालू अन् मी सकाळी पाहू."

"पिंप नाही भरलं," मथुरा म्हणाली.

"नाही भरलं."

तिने डोळे मिटले. बाहेर बायकांची टँकरवर भांडणं चालली होती. केवलराम खाली चटई टाकून तिच्या खाटेशेजारी आडवा झाला, एक कूस घेतली, मग दुसरी, आणि शेवटी कुठलीशी जमली तसा पडून राहिला. थोड्या वेळाने दोघांनाही झोप लागली.